झोका आणि सावली

कॉर्न या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम 11 ऑक्टोबर 1994 रोजी प्रसिद्ध झाला. अल्बमला वेगळे नाव दिले नव्हते. बँडचे नाव तेच अल्बमचे नाव. मुखपृष्ठावर एक छायाचित्र आहे. उघड्या मैदानात एक लहान मुलगी झोक्यावर बसली आहे. उन्हामुळे तिने डोळे बारीक केले आहेत आणि ती समोर उभ्या असलेल्या कोणाकडे तरी वर बघते आहे. तो माणूस चित्रात नाही. त्याची सावली तेवढी जमिनीवर पडली आहे, लांब, मुलीच्या दिशेने सरकलेली.

खानदेशातल्या वाचकाला झोका म्हटले की आखाजी आठवते: निंबाच्या फांदीला बांधलेला दोर, माहेरी आलेल्या लेकी आणि गौराईची गाणी. मुलीच्या जातीला वर्षातून चार दिवस निर्धास्त करणारी ती जागा. त्याच जागेवर सावली पडलेली पाहिली की पोटात गोळा येतो, आणि छायाचित्राचा हेतू तोच आहे. आत असलेली बारा गाणी कशाबद्दल आहेत, हे एक अक्षरही न लिहिता मुखपृष्ठाने सांगून टाकले आहे. बँडचे नावही लहान मुलाने खडूने गिरवावे तशा वेड्यावाकड्या अक्षरांत आहे आणि त्यातले इंग्रजी आर हे अक्षर उलटे पडले आहे. लिहायला शिकणाऱ्या मुलाकडून हमखास होणारी ही चूक इथे मुद्दाम ठेवली आहे.

या अल्बमपासून नू मेटल नावाचा प्रकार सुरू झाला असे मानले जाते. ‘नू’ म्हणजे नवा; इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग बदलून केलेले हे नाव पुढे पत्रकारांनी रूढ केले, आणि ते खुद्द कॉर्नला फारसे आवडले नाही. मेटल संगीत त्याआधीही पंचवीस वर्षे होते. विद्युत गिटारचा करकरीत, फाटलेला आवाज, वेगवान ड्रम, उंच पट्टीतली आरोळी आणि मध्येच गिटारवादकाने घेतलेली लांबलचक तान ही त्याची ओळख होती. गिटारची ही तान, म्हणजे सोलो, हा वादकाच्या तयारीचा कस असे. कॉर्नच्या पहिल्या अल्बममध्ये असा एकही सोलो नाही. तयारी दाखवणे हा या पोरांचा विषयच नव्हता. त्यांनी मेटलचे वजन घेतले, हिप-हॉपमधली डुलणारी लय घेतली, फंक संगीतातले बास गिटारचे फटके घेतले आणि त्यावर असा गायक उभा केला, जो कधी पुटपुटतो, कधी किंचाळतो, कधी अर्थ नसलेले बोल बडबडतो आणि कधी नुसता रडतो.

हे संगीत लॉस एंजेलिसच्या झगमगाटात वाढलेल्या मुलांचे नाही. कॉर्नचे वादक मूळचे बेकर्सफील्डचे. कॅलिफोर्निया राज्यातले हे शहर लॉस एंजेलिसपासून साधारण 180 किलोमीटरवर, डोंगर ओलांडून पलीकडे, सॅन वाकीन खोऱ्यात आहे. केर्न जिल्ह्याचे हे ठाणे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, हवेत धूळ, एका बाजूला तेलाच्या विहिरी आणि दुसऱ्या बाजूला शेती. त्या शेतीत कापसाचे स्थान मोठे होते. ‘अकाला’ जातीच्या कापसासाठी हे खोरे अमेरिकेत नावाजलेले होते आणि जवळच्या शाफ्टर गावी सरकारचे कापूस संशोधन केंद्र होते. अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा या भागात कापूस वेचणीला आणि जिनिंगच्या आवारात आयुष्य काढलेल्या माणसाला बेकर्सफील्डची माती परकी वाटणार नाही. 1930 च्या दशकात दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेली हजारो शेतकरी कुटुंबे मजुरी शोधत याच खोऱ्यात आली. त्यांच्या हालांवर जॉन स्टाइनबेकने 1939 मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा केर्न जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी आपल्या शाळा आणि वाचनालयांत त्या पुस्तकावर बंदी घातली. दुःख आहे हे मान्य करण्यापेक्षा त्याचा उच्चार थांबवणे सोपे वाटते. पंचावन्न वर्षांनी त्याच गावातल्या पोरांनी केलेला अल्बम याच सवयीविरुद्ध उभा राहिला.

बेकर्सफील्डला संगीताची परंपरा होती, पण ती कंट्री संगीताची. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड ही या गावाची दोन मोठी नावे. कॉर्नचा गायक जोनाथन डेव्हिस याचे वडील बक ओवेन्स यांच्याबरोबर कीबोर्ड वाजवत आणि गावात त्यांचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ होता. म्हणजे पोरगा वाद्यांच्या घरातच वाढला. शाळेत मात्र त्याचे दिवस वाईट गेले. तो डोळ्यांत काजळ घालायचा, नाजूक चालीची पॉप गाणी ऐकायचा, आणि त्यावरून इतर मुले त्याला समलिंगी ठरवून शिव्या द्यायची. शाळेतच तो बॅगपाइप शिकला. पुढे त्याने शवागारात काम केले. केर्न जिल्ह्यात संशयास्पद मृत्यूंची तपासणी करणारे जे कार्यालय असते, तिथे तो मदतनीस होता. कोवळ्या वयात त्याने अपघातातली, खुनातली, लहान मुलांचीही प्रेते हाताळली. रात्री तो ‘सेक्सार्ट’ नावाच्या स्थानिक बँडमध्ये गात असे.

बाकीचे चौघे आधीपासून एकत्र होते. जेम्स ‘मंकी’ शॅफर आणि ब्रायन ‘हेड’ वेल्च हे दोन गिटारवादक, रेजिनाल्ड ‘फिल्डी’ आर्विझू हा बासवादक आणि डेव्हिड सिल्व्हेरिया हा ड्रमवादक. मंकी, फिल्डी आणि सिल्व्हेरिया यांनी ‘एल.ए.पी.डी.’ या नावाने लॉस एंजेलिसमध्ये बँड चालवून पाहिला होता. त्याचे फारसे काही झाले नाही. 1993 मध्ये मंकी आणि हेड गावी आले असताना त्यांनी एका बारमध्ये डेव्हिसला गाताना ऐकले आणि त्याला बोलावून घेतले. त्याच वर्षी कॉर्न हे नाव पक्के झाले, चार गाण्यांचा नमुना मुद्रित झाला आणि ‘इमॉर्टल’ या छोट्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. वितरण ‘एपिक’ या बड्या कंपनीकडे होते.

या अल्बमच्या आवाजाचे रहस्य एका तारेत आहे. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला साधारण 82 कंपने देते. स्टीव्ह वाय या वादकासाठी जपानच्या आयबानेझ कंपनीने 1990 मध्ये सात तारांची गिटार बाजारात आणली होती. वायला ती जास्त सूर हाताशी यावेत म्हणून हवी होती. मंकी आणि हेड यांनी तीच गिटार उलट्या कामासाठी घेतली. सातवी तार आधीच खालची. तिला त्यांनी आणखी एक पूर्ण सूर उतरवले. आता ती सेकंदाला 55 कंपने देऊ लागली. हा खर्जाचाही खर्ज. त्या पट्टीत गिटार गात नाही, घुमते. गोंधळ्याच्या संबळाला दोन तोंडे असतात, एक टणकारणारे आणि एक घुमणारे. घुमणाऱ्या तोंडावर काठी घासली की कानाआधी छातीला आवाज कळतो. कॉर्नच्या गिटारचा अनुभव तसा आहे. दोघे गिटारवादक एकच चाल वाजवत नाहीत. एक जण खाली जड ठोका देतो, तेव्हा दुसरा वरच्या सुरांत कण्हल्यासारखे, दार करकरल्यासारखे काही तरी वाजवतो. कानाला खटकणाऱ्या दोन सुरांची जोडी पुन्हा पुन्हा येते आणि काही तरी वाईट घडणार आहे अशी भीती मनात रेंगाळत राहते.

गिटार इतकी खाली गेल्यावर बास गिटारने काय करायचे? फिल्डीने यावर आपला तोडगा काढला. त्याने पाच तारांच्या बासचा मधला, गोल आवाज जवळजवळ काढून टाकला आणि अंगठ्याने तारा आपटून वाजवायला सुरुवात केली. त्यामुळे त्याची बास तालवाद्यासारखी खटखटते. ड्रमच्या जोडीला दुसरा ड्रम असावा तशी. सिल्व्हेरियाचा ड्रम घट्ट ताणलेला आणि कोरडा आहे. त्यात मेटलची धावपळ नाही, थांबून थांबून मारलेले ठोके आहेत. श्रोत्याची मान त्या ठोक्यावर आपोआप हलते, आणि इथेच हिप-हॉपचे ऋण दिसते.

ध्वनिमुद्रण 1994 च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मालिबूच्या डोंगरातल्या ‘इंडिगो रँच’ या स्टुडिओत झाले. निर्माता रॉस रॉबिन्सन तेव्हा नवखा होता. त्याचेही नाव याच अल्बमने झाले. बँडने एकत्र वाजवायचे आणि ते फितीवर उतरवायचे, अशी त्याची पद्धत. सफाई त्याला नको होती. गायकाने खरोखर जे भोगले आहे ते माइकसमोर पुन्हा जागे व्हावे, यासाठी तो गायकाच्या मागे लागायचा, डिवचायचा. ही पद्धत सर्वांना मान्य होणारी नाही. माणसाच्या जखमेवर बोट ठेवून काम करून घेणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न उरतोच. पण फितीवर जे उतरले त्यात अभिनयाचा अंश नाही, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

पहिले गाणे ‘ब्लाइंड’. डेव्हिस हे गाणे आपल्या जुन्या बँडमधून घेऊन आला होता. सुरुवातीला झांजेवर हलकी टिकटिक ऐकू येते, मग एक गिटार, मग दुसरी, आणि ताण असह्य झाला की डेव्हिसची आरोळी आणि सगळी वाद्ये एकदम कोसळतात. संपूर्ण प्रकाराची नांदी म्हणावी असे हे एक मिनिट आहे. ‘बॉल टंग’मध्ये धृपदाच्या जागी डेव्हिस निरर्थक अक्षरे ओकतो, शब्द सापडत नाहीत अशा संतापाचा तो आवाज आहे. ‘क्लाउन’ हे गाणे सॅन डिएगोमधल्या एका कार्यक्रमात घडलेल्या प्रसंगावरून आले. डोके भादरलेला एक दांडगा तरुण मंचापाशी येऊन त्यांना गावाकडे परत जा म्हणून ओरडत राहिला आणि डेव्हिसवर हात उगारला. ‘हेल्मेट इन द बुश’ हे शेवटाकडचे गाणे अमली पदार्थाच्या व्यसनाबद्दल आहे. त्या काळात बँडमधली मंडळी मेथच्या आहारी गेली होती. गाण्यात त्याची शेखी नाही, सुटकेची याचना आहे.

शाळेतल्या छळावरच्या गाण्याचे नाव म्हणजे डेव्हिसला शाळेत रोज ऐकावी लागलेली शिवीच आहे. ती शिवी त्याने वेगळ्या स्पेलिंगने गाण्याला दिली. आज ती छापायलाही संकोच वाटावा अशी आहे, आणि गाणे मात्र ती खाणाऱ्याच्या बाजूचे आहे. वर्गात ज्याला चिडवले जाते, ज्याच्या चालण्याबोलण्याची नक्कल केली जाते, त्या मुलाच्या मनात दहा वर्षे साचत गेलेले सगळे त्या पाच-सहा मिनिटांत बाहेर पडते.

‘शूट्स अँड लॅडर्स’ हे गाणे या अल्बममधली सर्वांत विलक्षण कल्पना आहे. सुरुवातीला नुसता बॅगपाइप वाजतो, आपल्याकडे 26 जानेवारीच्या संचलनात लष्करी बँडबरोबर ऐकू येतो तोच. मग त्याच्यावर ती खर्जातली गिटार येऊन आदळते. शब्द मात्र सगळे बालगीतांचे आहेत. इंग्रजी बालवाडीत शिकवल्या जाणाऱ्या, अमळनेरच्या बालवाडीतही ‘रिंगा रिंगा रोझेस’ म्हणून हात धरून गोल फिरत म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांच्या ओळी डेव्हिस एकामागून एक म्हणतो, आधी पुटपुटत, मग गुरगुरत. या गोड चालींच्या तळाशी रोगराई, मृत्यू आणि क्रौर्य आहे, आणि आपण ते मुलांच्या तोंडी घालतो, असे त्याचे म्हणणे. ‘रिंगा रिंगा’चा संबंध प्लेगशी जोडण्याची कथा लोकगीतांच्या अभ्यासकांना मान्य नाही, ती बरीच नंतर जोडली गेली असे ते सांगतात. पण त्यामुळे गाण्याचा नेम चुकत नाही. मुलांच्या जगातली प्रत्येक गोष्ट निरागस असते ही मोठ्यांची समजूत त्याला फोडायची होती. गाण्याचे नाव सापशिडीच्या अमेरिकी नावावरून बेतले आहे. सापशिडीचे मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात आहे आणि परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. आपल्या पटावरचा साप दुर्गुणाचा होता. कॉर्नच्या पटावर मुलाच्या हातून काहीही चूक झालेली नसते, तरी साप गिळतो.

शेवटचे गाणे ‘डॅडी’. त्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण अल्बमचा जीव त्यात आहे. डेव्हिसने पुढे मुलाखतींमधून जे सांगितले ते असे: लहानपणी एका ओळखीच्या व्यक्तीने त्याचे लैंगिक शोषण केले. त्याने घरी सांगितले, तेव्हा घरच्यांना ते खोटे वाटले. गाण्याच्या नावामुळे अनेकांनी वडिलांवर संशय घेतला. ते तसे नाही, हे त्याने पुन्हा पुन्हा स्पष्ट केले. गाण्यातली हाक आहे ती मदतीची आहे, जी त्या वेळी ऐकली गेली नाही. स्टुडिओत गाताना मध्येच डेव्हिसचा बांध फुटला. तो खाली बसला आणि हमसाहमशी रडू लागला. रॉबिन्सनने फीत थांबवली नाही. वादक गोंधळले, पण वाजवत राहिले. गिटार हळूहळू विरत जाते, एका स्त्रीच्या आवाजात अंगाईसारखे काही ऐकू येते, आणि पुढे कितीतरी वेळ एका प्रौढ पुरुषाचे रडणे उरते. शेवटी दार बंद झाल्याचा आवाज. नंतरची शांतता आणि तिच्या पुढे लपवून ठेवलेला ध्वनितुकडा धरून हा ट्रॅक साडेसतरा मिनिटांचा आहे.

हे ऐकणे सोपे नाही आणि दुसऱ्यांदा ऐकण्याची इच्छा सहसा होत नाही. तरीही ते अल्बममध्ये ठेवण्याचा निर्णय बरोबर होता. ‘पुरुषासारखा पुरुष रडतो काय’ हे वाक्य अमळनेरमध्ये जितके ऐकू येते तितकेच तेलविहिरींच्या बेकर्सफील्डमध्येही ऐकू येत असणार. मेटल संगीत तर पौरुषाच्या प्रदर्शनासाठीच प्रसिद्ध. त्याच संगीतात तेवीस वर्षांच्या एका तरुणाने आपले रडणे जसेच्या तसे छापू दिले. डेव्हिसने हे गाणे पुढे अनेक वर्षे मंचावर गायले नाही. अल्बमला वीस वर्षे झाल्यानिमित्त 2015 मध्ये बँडने संपूर्ण अल्बम सादर केला, तेव्हा ते पुन्हा गायले गेले.

अल्बम आला तेव्हा रेडिओने आणि एमटीव्हीने त्याची विशेष दखल घेतली नाही. बँड गाडीत सामान भरून गावोगाव फिरत राहिला. कधी मेगाडेथ या बँडच्या आधी वाजवले, कधी गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या आधी. एका श्रोत्याने दुसऱ्याला कॅसेट द्यायची, अशा रीतीने नाव पसरले. बिलबोर्डच्या खपाच्या यादीत अल्बम 72 व्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही, पण विक्री थांबली नाही. अमेरिकेत तो पुढे डबल प्लॅटिनम झाला, म्हणजे 20 लाखांचा टप्पा गाठला. ‘शूट्स अँड लॅडर्स’ला ग्रॅमीचे नामांकनही मिळाले. 1998 मध्ये आलेला बँडचा तिसरा अल्बम ‘फॉलो द लीडर’ थेट पहिल्या क्रमांकावर उतरला.

त्याच वर्षी मिशिगन राज्यातल्या झीलँड गावी एका विद्यार्थ्याला शाळेने घरी पाठवले. कारण, त्याने कॉर्नचे नाव असलेला टी-शर्ट घातला होता. शर्टावर नावाखेरीज काहीही नव्हते. बँडने शाळेबाहेर शेकडो टी-शर्ट फुकट वाटले. संगीत अश्लील आहे हा शाळेचा आक्षेप होता. अल्बममध्ये शिव्या आहेत, हे खरे आहे. लहान मुलांना ऐकवण्याजोगा तो नाही. पण तो ज्या छळाबद्दल बोलतो तो छळ ज्या आवारात होतो, त्याच आवाराला टी-शर्टचे वावडे असावे ही गोष्ट दुखावणारी आहे.

या अल्बममागून बँडांची रांग लागली. रॉबिन्सननेच पुढे लिंप बिझकिट आणि स्लिपनॉट यांचे पहिले मोठे अल्बम केले. या प्रवाहात पुढे पुष्कळ गाळ आला. वेदनेची जागा नुसत्या दांडगाईने घेतली, स्त्रियांविषयी हीन भाषा आली, आणि 1999 च्या वुडस्टॉक महोत्सवात जाळपोळ आणि स्त्रियांवरचे अत्याचार झाले तेव्हा हे संगीत आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. तो आरोप पूर्णपणे झटकता येत नाही. दुसऱ्या बाजूला 24 ऑक्टोबर 2000 रोजी लिंकिन पार्कचा ‘हायब्रिड थिअरी’ हा पहिला अल्बम आला. त्यात एकही शिवी नव्हती. त्याचा गायक चेस्टर बेनिंग्टन हाही बालपणीच्या लैंगिक शोषणातून गेलेला होता. त्या अल्बमच्या एक कोटीहून अधिक प्रती एकट्या अमेरिकेत खपल्या. 2017 मध्ये बेनिंग्टनने आत्महत्या केली. हाका मोठ्याने मारल्या म्हणून त्या पोचतातच असे नाही.

भारतात हे संगीत केबल टीव्ही आणि कॅसेटमधून आले. मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’चा महोत्सव 1986 पासून भरत होता आणि धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम होत. नव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत ‘भयानक मौत’ आणि ‘स्क्राइब’ यांसारखे जड आवाजाचे बँड तयार झाले. 2012 मध्ये कॉर्न स्वतः भारतात येऊन वाजवून गेला. मात्र कॉर्नची वाट आपल्या मातीत खऱ्या अर्थाने रुजवली ती दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने. करण कटियार, जयंत भदुला आणि राऊल केर यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम ‘रक्षक’ 18 फेब्रुवारी 2022 रोजी आला. त्यात सात तारांच्या गिटारच्या जातीचाच खर्ज आहे, पण वर ढोल आणि बासरी आहे. हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी शब्द आहेत. त्यांच्या गाण्यांचे विषय शाळेतली दादागिरी, नैराश्य, स्त्रियांवरील अत्याचार आणि भ्रष्टाचार असे आहेत. नैराश्यावरच्या ‘जी वीरे’ या गाण्याबरोबर त्यांनी काही श्रोत्यांसाठी मोफत समुपदेशनाची सोय केली. ज्या ढोलावर आपल्याकडे वरात नाचते, त्याच ढोलावर असे विषय तोलले जाऊ शकतात हे या मुलांनी दाखवले.

बेकर्सफील्डने आपल्या पोरांचे ऋण 2006 मध्ये मान्य केले. 24 फेब्रुवारी हा ‘कॉर्न दिन’ म्हणून जाहीर झाला आणि शहरातल्या एका रस्त्याला बँडचे नाव दिले गेले. हेड 2005 मध्ये बँड सोडून गेला होता, तो पुढे परतला. सिल्व्हेरिया गेला तो परतला नाही. 5 ऑक्टोबर 2024 रोजी लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये अल्बमची तिशी साजरी झाली, तेव्हा पहिल्या अल्बमवेळी जन्मलीही नव्हती अशी मुले गर्दीत होती.

अमळनेरला मुलाच्या मनाची कदर करणारा शिक्षक ठाऊक आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात इथल्या शाळेत शिकवत आणि छात्रालय सांभाळत. ते मुलांच्या खोल्या झाडत, कपडे धूत, त्यांच्यासाठी हाताने दैनिक लिहून काढत. मोठ्यांनी मुलाचे ऐकून घ्यायचे असते, हा संस्कार या गावाला नवा नाही. तरीही आपल्याकडचे आकडे कठोर आहेत. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक शोषणाला तोंड दिल्याचे सांगितले होते. त्यात मुलींइतकेच मुलगेही होते, आणि बहुतेकांनी ते कधी कोणाला सांगितले नव्हते.

14 नोव्हेंबर 2012 पासून मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू आहे. मुलावर अत्याचार झाल्याचे ज्याला कळते, त्याने पोलिसांना कळवणे या कायद्याने बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो स्त्री अधिकाऱ्याने घ्यायचा, आणि गणवेश घालून घ्यायचा नाही, असे कायदा सांगतो. मुलाचे नाव बाहेर येऊ द्यायचे नाही. कॉर्नचा अल्बम आल्यानंतर दोनच वर्षांनी, 1996 मध्ये, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून मुलांसाठी एक दूरध्वनी सेवा सुरू झाली. ती आता देशभर आहे, दिवसरात्र चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. घरातले, शेजारचे, वर्गातले एखादे मूल काही सांगू पाहत असेल तर आधी त्याचे खरे माना, आणि मग हा क्रमांक लावा: 1098.